औषध थांबल्याची तारीख

निवासी संस्थेत राहणाऱ्या माणसाचे मानसोपचाराचे औषध अचानक बंद होते, तेव्हा बहुतेक वेळा ते कोणी विचारपूर्वक बंद केलेले नसते. ते बंद पडते. औषध सुरू होण्याला कर्ता असतो. डॉक्टरचे नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, मात्रा आणि सही असते. थांबण्याला यांपैकी काहीच नसते. वृद्धाश्रम, मानसिक पुनर्वसन गृह, व्यसनमुक्ती केंद्र, महिलांचे आधारगृह, भिक्षेकरी गृह अशा ठिकाणी माणूस दाखल होतो, एका संस्थेतून दुसरीत पाठवला जातो, मध्येच हाड मोडून रुग्णालयात जातो आणि परत येतो. या प्रत्येक टप्प्यावर गोळ्यांच्या यादीतली एखादी ओळ गळण्याची शक्यता असते. ही गळती काळजीची आहेच. पण तिच्याहून अधिक काळजीची बाब म्हणजे गळतीनंतर जे दिसते त्याचा संस्था लावते तो अर्थ. औषध थांबल्यामुळे उद्भवलेली लक्षणे आजाराची, वयाची किंवा स्वभावाची मानली जातात, आणि त्यामुळे ज्या व्यवस्थेकडून चूक झाली तिला ती झाल्याचे कळण्याचा मार्गच उरत नाही.

एक रचलेले, पण प्रत्येक तपशिलात शक्य असणारे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातल्या ६६ वर्षांच्या एक बाई. तिशीत द्विध्रुवीय विकाराचे निदान झालेले, आणि गेली अनेक वर्षे लिथियमवर प्रकृती स्थिर. जोडीला रात्री क्वेटियापिन, आणि कधीकाळी झोपेसाठी सुरू होऊन तसेच चालू राहिलेले क्लोनाझेपाम. गोळ्यांचा सगळा हिशेब यजमानांच्या डोक्यात. यजमान जातात, मुलगा नोकरीच्या गावी असतो, आणि महिन्या-दीड महिन्यात आजी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वृद्धाश्रमात दाखल होतात. सोबत प्लास्टिकची पिशवी. तीत रक्तदाबाच्या गोळ्यांची अख्खी स्ट्रिप आणि औषधाच्या दुकानात कात्रीने कापून दिलेले चार-चार, सहा-सहा गोळ्यांचे तुकडे. त्यांवरचे नाव उरलेल्या भागासोबत दुकानातच राहिलेले. संस्थेच्या वहीत नोंद होते : ‘बीपी – सकाळी १. झोपेची – रात्री १, पांढरी.’ मुलाला फोनवर विचारले जाते. तो प्रामाणिकपणे सांगतो की आईला डोक्याच्या गोळ्या चालू होत्या, नावे बाबांना माहीत होती. पिशवीतले तुकडे आठवड्याभरात संपतात. बीपीची गोळी पुन्हा आणली जाते, कारण तिचे नाव स्ट्रिपवर आहे.

यात कोणी निष्काळजी नाही, निदान ठपका ठेवता येईल इतके तरी नाही. वही ठेवली गेली, फोन केला गेला, उत्तरही मिळाले. तरीही तीन औषधे एकाच आठवड्यात थांबली, आणि ‘आज थांबली’ असे कुठेही लिहिले गेले नाही.

पुढचा घटनाक्रम औषधांच्या गुणधर्मांनी ठरतो. क्लोनाझेपामचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, साधारण ३० ते ४० तासांचा आहे. त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर एक-दोन दिवस काहीच जाणवत नाही. मग झोप उडते, हात थरथरू लागतात, घाम येतो, भांड्याचा आवाजही सहन होत नाही. काहींना आकडी येते. वयस्कर माणसांत कधी कधी डिलिरियमची अवस्था येते, म्हणजे वेळ, जागा आणि माणसे यांचा गोंधळ होतो आणि तो सकाळपेक्षा रात्री वाढतो. अल्प्राझोलामसारख्या कमी अर्धायुष्याच्या औषधात हेच सगळे अधिक लवकर आणि अधिक तीव्रतेने घडते. क्वेटियापिन थांबल्याने निद्रानाशात भर पडते, मळमळ होते. लिथियम मात्र वेगळ्या रीतीने वागते. ते थांबल्यावर पहिल्या दिवसांत जवळपास काहीच बिघडत नाही. उलट बोटांचा कंप कमी होतो, सारखी लागणारी तहान कमी होते, रात्री लघवीला उठणे कमी होते. पाहणाऱ्याला वाटते, आजी सुधारल्या. उन्मादाची अवस्था येते ती काही आठवड्यांनी.

हा विलंब समजून घेणे आवश्यक आहे, कारण बाकीच्या बऱ्याच चुका त्यातूनच जन्मतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, १४ अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या एका विश्लेषणात असे आढळले की लिथियम थांबवल्यानंतर उद्भवलेल्या नव्या आवर्तनांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या १० आठवड्यांत आली. या दहा आठवड्यांचा अर्थ दुहेरी आहे. आजाराच्या नैसर्गिक गतीने आवर्तन आले असते तर ते कालरेषेवर असे एका ठिकाणी दाटले नसते. म्हणजे थांबवण्याची क्रियाच काहीतरी घडवून आणते. दुसरीकडे, रोजच्या धावपळीतल्या संस्थेच्या दृष्टीने दहा आठवडे हा इतका मोठा काळ आहे की कारण आणि परिणाम यांची सांगड कोणाच्या मनात बसत नाही. मधल्या शांत काळात कर्मचारी अनुभवातून एक निष्कर्ष काढतात : ती गोळी नसली तरी चालते. पुढच्या वेळी नाव नसलेली स्ट्रिप संपते, तेव्हा तो निष्कर्ष हाताशी तयार असतो. महिन्यातून एकदा किंवा पंधरवड्याने दिल्या जाणाऱ्या फ्लुफेनाझिन डेकॅनोएटसारख्या इंजेक्शनांबाबत तर हा विलंब आणखी लांबतो. स्नायूत साठलेले औषध आठवडेच्या आठवडे झिरपत राहते, आणि इंजेक्शन चुकल्याचा परिणाम दिसेपर्यंत ज्यांच्या काळात ते चुकले ते कर्मचारीही बदललेले असू शकतात.

औषध थांबवले की माणूस ‘मूळ स्थितीला’ येतो, ही समजूत बरीच रूढ आहे. ती चुकीची का, हे थोडे थांबून पाहायला हवे. दीर्घकाळ घेतलेल्या औषधाशी मेंदू जुळवून घेतो. डोपामिनचे ग्राही औषधाने अडवले गेले की काळाच्या ओघात त्या ग्राहींची संख्या आणि संवेदनशीलता वाढण्याची प्रवृत्ती असते. बेन्झोडायझेपिन गटातली औषधे गाबा या शामक चेतापारेषकाचा प्रभाव वाढवतात, तेव्हा त्याचे ग्राही हळूहळू कमी प्रतिसाद देऊ लागतात. औषध एकदम निघून गेले, की ही जुळवणूक मागे उरते आणि तिला तोलणारे काही नसते. जुन्या भिंतीला लावलेला टेकू काढला तर भिंत टेकू लावण्यापूर्वीच्या अवस्थेत जात नाही, कारण मधल्या वर्षांत तिचा भार टेकूवर बसलेला असतो. म्हणून अचानक थांबवल्यानंतर जे दिसते त्यात आजाराचे परतणे, औषध सुटल्याची स्वतंत्र लक्षणे आणि मेंदूच्या जुळवणुकीने तीव्र केलेले आवर्तन या तीन गोष्टींची सरमिसळ असते. त्या वेगळ्या ओळखायच्या तर औषध कोणत्या दिवशी थांबले आणि लक्षण कोणत्या दिवशी सुरू झाले, यांतले अंतर माहीत असावे लागते. ती पहिली तारीखच नसेल तर अनुभवी मानसोपचारतज्ज्ञही अंदाजच करू शकतो.

हळूहळू कमी करणे म्हणजे काय, याबद्दलही गैरसमज आहेत. ‘आधी अर्धी करा, मग एक दिवसाआड घ्या, मग सोडा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिनसारख्या लवकर उतरणाऱ्या नैराश्यविरोधी औषधांत एक दिवसाआड घेणे म्हणजे दर दुसऱ्या दिवशी औषध सुटल्याची लक्षणे ओढवून घेणे. फ्लुओक्सेटिन मात्र शरीरात अनेक दिवस रेंगाळते, म्हणून तिथे तेच वेळापत्रक फारसे त्रासदायक ठरत नाही. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली मांडलेला मुद्दा याहून मूलगामी आहे. मात्रा आणि मेंदूतला परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नाही. सिटालोप्रामच्या २० मिलिग्रॅमने सेरोटोनिन वाहकांपैकी जवळपास ८० टक्के व्यापले जातात, पण अवघ्या काही मिलिग्रॅमनेही निम्म्याच्या आसपास व्यापले जातात. म्हणजे गोळी अर्धी केली तरी परिणाम अर्धा होत नाही, आणि शेवटची छोटी मात्रा सोडणे हीच सर्वात मोठी उडी ठरते. जिथे गोळी सुरीने अर्धी करणे हीच मात्रा कमी करण्याची एकमेव सोय आहे, तिथे ही उडी टाळणे अवघड आहे, हे मान्य करायला हवे.

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. गोळ्या संपल्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या रात्री आजी झोपत नाहीत. संस्थेतल्या मावशी सांगतात, नवी जागा आहे, रुळतील. सहाव्या रात्री त्या यजमानांना हाका मारतात आणि स्वयंपाकघराचे दार शोधत फिरतात. आता ‘म्हातारचळ’ हा शब्द उच्चारला जातो. मग काही आठवडे बरे जातात. सातव्या-आठव्या आठवड्यात त्या पहाटे तीनला उठून सगळ्यांना उठवू लागतात, सतत बोलतात, पैसे वाटायला काढतात, कोणी अडवले तर अंगावर जातात. आता तो त्यांचा स्वभाव ठरतो. मुलाला फोन जातो : आम्ही यांना ठेवून घेऊ शकत नाही. रुग्णालयाच्या अपघात विभागात हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले जाते, आणि केसपेपरवर लिहिले जाते की ही द्विध्रुवीय विकाराची जुनी रुग्ण असून आजार उलटला आहे. यातले प्रत्येक वाक्य त्या त्या जागेवरून पाहिले तर समर्थनीय आहे. पण दस्तऐवजात जे उरते ते असे : आजार बळावला, म्हणून अधिक औषध लागले. औषध नव्हते म्हणून आजार बळावला, ही गोष्ट दस्तऐवजात कधी आलीच नव्हती, त्यामुळे ती तिथून काढून टाकण्याचीही कोणाला गरज पडत नाही.

याचा परिणाम त्या एका बाईपुरता थांबत नाही. संस्थेच्या स्मरणात राहते ते एवढेच की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला घेतले आणि त्रास झाला. पुढच्या प्रवेशअर्जात ‘अर्जदारास कोणताही मानसिक आजार नाही’ अशी अट येते, किंवा असलेली अट कडक होते. अशी अट वाचणारे पुढचे कुटुंब, ज्यांच्यापुढे दुसरा पर्याय नसतो, मानसोपचाराच्या गोळ्यांचा उल्लेखच टाळते. पिशवीतून ती स्ट्रिप आधीच काढून ठेवली जाते, किंवा ती ‘ताकदीची गोळी’ म्हणून सांगितली जाते. अशा रीतीने एका औषधभंगाचा चुकीचा अर्थ दुसऱ्या औषधभंगाचे कारण बनतो. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वात चिंताजनक गोष्ट हीच आहे, कारण चांगल्या हेतूने, प्रशिक्षणाने किंवा एखाद्या दक्ष व्यवस्थापकाने ती आपोआप सुटत नाही. माहिती लपवणे कुटुंबाच्या हिताचे आणि न विचारणे संस्थेच्या सोयीचे असेल, तर माहिती पोहोचणार कशी?

प्रवेशाखेरीज गळतीच्या इतर वाटा थोडक्यात सांगता येतील. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी भरती झालेल्या वृद्धाच्या डिस्चार्ज कार्डावर वेदनाशामक, प्रतिजैविक आणि कॅल्शियम असते, आणि आधीपासून चालू असलेले मानसोपचाराचे औषध ‘आधीचे चालू ठेवा’ या तीन शब्दांत गुंडाळलेले असते किंवा तेही नसते. संस्थेत मग कार्डावर आहे तेवढेच दिले जाते. सरकारी दवाखान्यात एखादे औषध संपलेले असते आणि पुढच्या तारखेला या असे सांगितले जाते. गोळ्यांचे पैसे पाठवणारा भाऊ पाठवेनासा होतो. भेटीला येणारे फिजिशियन अकरा गोळ्यांची यादी पाहून, योग्य हेतूने, ती कमी करू पाहतात आणि कोणती गोळी एकदम सोडण्यासारखी नाही हे त्या यादीवरून ओळखता येत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रांचा विचार मात्र स्वतंत्रपणे करायला हवा, कारण तिथे औषध थांबणे हे विस्मरण नसून अनेकदा धोरण असते. मनावर परिणाम करणारी प्रत्येक गोळी म्हणजे नशा, आणि नशा पहिल्या दिवसापासून बंद, असा नियम काही केंद्रे पाळतात. दारू अचानक सुटल्यावर येणारी डिलिरियमची अवस्था साधारणतः शेवटच्या पेयानंतर दोन ते चार दिवसांत येते आणि उपचाराविना ती प्राणघातक ठरू शकते. तिच्यावरचा उपचारच बेन्झोडायझेपिन गटातल्या औषधांचा आहे. आधीपासून ती औषधे घेणाऱ्या माणसाची दारू आणि गोळ्या एकाच दिवशी बंद झाल्या, तर दोन्ही विराम एकमेकांवर चढतात. ट्रायहेक्सीफेनिडिलचेही असेच. स्किझोफ्रेनियावरच्या औषधाने येणारा ताठरपणा आणि थरथर आवरण्यासाठी ते दिलेले असते. त्याचा गैरवापर होतो हे खरे, म्हणून ते काढून घेतले जाते. पण मूळ औषध चालूच असेल तर ताठरपणा उसळून येतो, मान वाकडी होते, कधी डोळे वर चढतात, आणि पाहणाऱ्यांना ती आकडी किंवा ‘अंगात येणे’ वाटते.

याच्या उलट दिशेची एक बाब जाता जाता नोंदवतो, कारण ती फारशी कोणाच्या लक्षात नसते. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृतातले एक विकर अधिक कार्यरत होते आणि क्लोझापिन व ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात. विडी ओढणारा माणूस धूम्रपानबंदी असलेल्या संस्थेत आला, की गोळीची मात्रा तीच असूनही रक्तातले प्रमाण वाढते. तो पेंगतो, लाळ गळते. पुढे तो बाहेर पडून पुन्हा विडी ओढू लागला, की कोणीही गोळी कमी न करता त्याचे औषध कमी होते. संस्थेचा एक साधा नियम अशा रीतीने मात्रेत हस्तक्षेप करतो आणि त्याची नोंद औषधांच्या वहीत होण्याचे काही कारणच नसते.

चूक उमगल्यावर ती दुरुस्त करण्यातही धोका आहे. क्लोझापिन ४८ तासांहून अधिक काळ चुकले असेल, तर पूर्वीची पूर्ण मात्रा पुन्हा देता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून नव्याने चढवत न्यावे लागते, कारण त्या औषधाची सवय उतरलेल्या शरीरात रक्तदाब आणि हृदयाची गती धोकादायकरीत्या खालावू शकते. लॅमोट्रिजिनमध्ये काही दिवसांच्या खंडानंतर एकदम पूर्ण मात्रा दिल्यास त्वचेची गंभीर प्रतिक्रिया उद्भवण्याची शक्यता वाढते. ‘चार दिवस गोळी राहिली होती, आता मिळाली, आज रात्रीपासून सुरू’ हे वाक्य मधुमेहाच्या अनेक गोळ्यांबाबत बरेचसे निरुपद्रवी असेल, इथे नाही. आणि किती दिवस राहिली हे ठाऊक नसेल, तर सुरक्षित मात्रा ठरवायला आधारच उरत नाही.

एवढ्यावरून ‘मानसोपचाराचे औषध कधीच थांबवू नये’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो चुकीचाच नव्हे तर तितकाच घातक ठरेल. निवासी संस्थांचा इतिहास उलट प्रकारच्या अन्यायानेही भरलेला आहे : त्रास देऊ नये म्हणून गुंगीत ठेवलेली माणसे. ब्रिटनमध्ये २००९ साली सुबे बॅनर्जी यांच्या अहवालाने दाखवून दिले की स्मृतिभ्रंश असलेल्या सुमारे १,८०,००० लोकांना अँटिसायकॉटिक औषधे दिली जात होती आणि त्यांमुळे वर्षाला अंदाजे १,८०० अधिकचे मृत्यू होत होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ज्यांचे औषध बंद केले त्यांच्यातले ७१ टक्के दोन वर्षांनी हयात होते, आणि ज्यांचे चालू ठेवले त्यांच्यातले ४६ टक्के. हा पुरावा थांबवण्याच्या बाजूने जोरकस आहे. पण त्याला दोन मर्यादा आहेत. ज्या स्मृतिभ्रंश रुग्णांचा भ्रम आणि आक्रमकता रिस्पेरिडोनने खरोखर आटोक्यात आली होती, त्यांच्यात ते बंद केल्यावर लक्षणे उलटण्याचा धोका जवळपास दुप्पट झाल्याचे २०१२ च्या एका चाचणीत दिसले. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. स्मृतिभ्रंशातल्या वर्तनासाठी दिलेले औषध आणि तिशीपासून स्किझोफ्रेनियासाठी घेतलेले औषध यांची नावे एकच असू शकतात, पण प्रश्न वेगळे असतात. ६५ चाचण्यांच्या २०१२ मधल्या एका विश्लेषणानुसार स्किझोफ्रेनियात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचा. वृद्धाश्रमात दोन्ही प्रकारची माणसे शेजारशेजारच्या खाटांवर असतात आणि वहीत दोघांपुढेही ‘शांत राहायची गोळी’ एवढेच लिहिलेले असते.

क्वचित अचानक थांबवणे हाच योग्य निर्णय असतो. लिथियमची विषबाधा, क्लोझापिनमुळे पांढऱ्या पेशींची धोकादायक घट, लॅमोट्रिजिनचे अंगभर उठलेले पुरळ, तीव्र ताप आणि स्नायूंच्या ताठरपणाचा दुर्मीळ पण जीवघेणा प्रकार, या सर्वांत वाट पाहणे चुकीचे आहे. फरक असा की अशा वेळी थांबवणाऱ्याला ठाऊक असते की त्याने थांबवले, आणि पुढचे काही आठवडे काय पाहायचे हेही ठाऊक असते.

कायद्याची स्थिती पाहिली तर तरतुदी वाटतात त्याहून बऱ्या आहेत आणि त्यांची पोहोच वाटते त्याहून अपुरी. मे २०१८ पासून लागू असलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सरकारी आरोग्य संस्थांमध्ये आवश्यक यादीतली औषधे मोफत आणि सर्वकाळ उपलब्ध असण्याचा हक्क आहे. स्वतःची वैद्यकीय कागदपत्रे मिळण्याचा हक्क आहे. रुग्णालयातून सोडताना पुढील उपचारांचे नियोजन करण्याचे बंधन आहे, आणि पुढे निर्णयक्षमता हरपल्यास कोणते उपचार हवेत व कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची सोय आहे. मानसिक आरोग्य आस्थापनेची व्याख्याही व्यापक आहे. मानसिक आजार असलेल्यांच्या देखभालीसाठी पूर्णतः वा अंशतः असलेली आणि त्यांना ठेवून घेणारी जागा तिच्यात येते, कुटुंबाचे घर येत नाही. मात्र जो वृद्धाश्रम कागदोपत्री मानसिक आजार असलेल्यांना घेतच नाही, पण प्रत्यक्षात ज्याच्या खोल्यांमध्ये अशी माणसे राहतात, तो नोंदणीच्या आणि तपासणीच्या कक्षेबाहेरच राहतो. माहिती लपवण्यास भाग पाडणारी अट आणि कायद्याची ही फट एकमेकींना पूरक ठरतात. सरकारी भिक्षेकरी गृहे आणि महिला संरक्षण गृहे यांच्या प्रमुखांवर संशयित मानसिक रुग्णाला तपासणीसाठी नेण्याचे बंधन आहे, पण आधीच निदान झालेल्या आणि औषधावर बऱ्या असलेल्या व्यक्तीचे औषध अखंड राहील हे पाहणे त्या बंधनाच्या शब्दांत ठळकपणे येत नाही. बरी असल्यामुळेच ती नजरेतून सुटते. मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याच्या महाराष्ट्रातील प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आक्षेप घेऊन ती थांबवण्यास सांगितले. तो आक्षेप प्रतिष्ठेच्या आणि हक्काच्या अंगाने योग्यच होता. उपचारांच्या सातत्याच्या अंगाने पाहिले तरी असे स्थलांतर म्हणजे गळतीचा आणखी एक टप्पा, आणि तोही घाऊक.

उपायांपैकी जे स्वस्त आहेत ते आधी सांगतो. प्रवेशाच्या वेळी औषधांची यादी तीन ठिकाणांहून जुळवून घ्यावी : पिशवीतून, नेहमीच्या औषध दुकानातून आणि उपचार करणाऱ्या दवाखान्यातून. दुकानाची वाट दुर्लक्षित आहे. अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी औषधे २०१४ पासून ज्या एच-१ अनुसूचीत आहेत तिच्या नियमानुसार त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला स्वतंत्र वहीत तीन वर्षे ठेवावी लागते. कापलेल्या स्ट्रिपचे हरवलेले नाव तिथे सापडू शकते. संस्थेच्या वहीत ‘काय दिले’ या रकान्याशेजारी ‘काय दिले नाही, कोणत्या तारखेपासून, कोणाच्या सांगण्यावरून’ असा रकाना असावा, आणि तो कोरा सोडता येऊ नये. एकदम थांबवता न येणाऱ्या औषधांची एक छोटी यादी मराठीत भिंतीवर लावता येते. रात्री नऊ वाजता गोळी संपल्याचे लक्षात आलेल्या काळजीवाहकाला ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलीमानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विचारता येते. अर्ज भरून घेताना ‘मानसिक आजार आहे का’ याऐवजी ‘कोणती औषधे खंड न पडता द्यावी लागतात’ असे विचारले, आणि खऱ्या उत्तरावरून प्रवेश नाकारला जाणार नाही याची हमी दिली, तर कुटुंबाचे लपवण्याचे कारण बरेच कमी होईल. ही हमी मात्र स्वस्त नाही. ती देणाऱ्या संस्थेला महिन्या-दोन महिन्यांनी येणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा निदान जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी जोडलेला वैद्यकीय अधिकारी लागतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या सुमारास देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता नव्हता. त्यांचे प्रमाण ०.७५ च्या आसपास सांगितले जात होते.

तज्ज्ञ दुर्मीळ असण्याचा एक परिणाम रहिवाशांच्या बाजूनेही दिसतो आणि त्याची चर्चा जवळपास होत नाही. संस्थेत राहणाऱ्या अनेकांना आपले औषध नको असते, आणि त्यांची कारणे खरी असतात : वाढलेले वजन, थिजलेले हात, दिवसभराची गुंगी, गेलेली लैंगिक इच्छा. ज्याला डॉक्टर भेटतात तो हे बोलू शकतो, आणि मात्रा बदलते किंवा टप्प्याटप्प्याने कमी होते. २०२३ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या एका चाचणीत देखरेखीखाली हळूहळू कमी करणाऱ्यांतही दोन वर्षांत गंभीर आवर्तने अधिक आढळली, हे त्याला मोकळेपणाने सांगता येते आणि तरीही काय करायचे हे त्याच्यासोबत ठरवता येते. ज्याला डॉक्टर भेटत नाहीत, आणि ज्याने ‘नको’ म्हटले की त्याची तक्रार आजाराचे लक्षण म्हणून वहीत लिहिली जाते, तो गोळी जिभेखाली धरतो आणि नंतर थुंकतो. संस्थेने त्यावर तोंड उघडून तपासायला किंवा गोळी कुटून वरणात कालवायला सुरुवात केली, तर तो जेवण टाळू लागतो. नकार सांगण्याची सोय नसल्यामुळे त्याचे थांबवणे गुप्त होते, आणि गुप्त असल्यामुळे ते टप्प्याटप्प्याने होऊच शकत नाही. वहीत मात्र त्या सगळ्या दिवसांपुढे ‘गोळी दिली’ असेच लिहिलेले असते, आणि आवर्तन आल्यावर त्याला तपासणारा डॉक्टर त्या नोंदीवर विसंबून असे समजतो की पूर्ण मात्रा चालू असतानाही आजार उलटला, म्हणून मात्रा वाढवायला हवी.